‘स्टारशिप ट्रूपर्स’: आधी कादंबरी की आधी चित्रपट, आणि दोघांत इतके अंतर का?

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडते. ‘स्टारशिप ट्रूपर्स’ हा चित्रपट तुम्ही कॉलेजात असताना पाहिला आणि किड्यांशी लढणाऱ्या देखण्या मुलामुलींचा मसालापट म्हणून विसरून गेलात. आता एनडीएच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या तुमच्या सोळा वर्षांच्या भाच्याला कोणीतरी त्याच नावाची कादंबरी वाचायला सुचवली आहे. तुमचा एक मित्र म्हणतो की ती कादंबरी फॅसिस्ट आहे, मुलाच्या हाती देऊ नका. दुसरा म्हणतो की कादंबरी उत्तम आहे, पण चित्रपटाने सैनिकांची टवाळी केली आहे. अशा वेळी आधी काय द्यावे, आणि चित्रपट मूळ पुस्तकाशी प्रामाणिक आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली वीस वर्षे चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेते आणि त्यांतला मोठा भाग साहित्यकृतींवरून केलेल्या चित्रपटांचा असतो. ही जोडी मी जवळजवळ दरवर्षी शिकवते. त्या अनुभवावरून सांगते की ‘प्रामाणिक आहे का’ या प्रश्नातून इथे फारसे काही हाती लागत नाही, कारण कथानकाची यादी करून तुलना केली तर उत्तर दोन मिनिटांत ‘नाही’ असे येते आणि चर्चा तिथेच संपते. खरा प्रश्न असा आहे की या दोन्ही कृतींमध्ये आपल्याशी बोलणारा कोण आहे. कादंबरीत जॉनी रिको नावाचा एक सैनिक स्वतःची गोष्ट सांगतो. चित्रपटात रिको फक्त दिसतो. तिथे बोलते ते त्याचे सरकार, आणि तेही जाहिरातींच्या व बातमीपटांच्या भाषेत. बाकीचे बहुतेक फरक या एका बदलातून निघालेले आहेत.

तुमच्या भाच्याला आधी काय द्यावे हे मात्र काही गोष्टींवर अवलंबून आहे, ते आधीच कबूल करते. त्याला इंग्रजी सलग वाचायची सवय किती आहे, लढाईच्या वर्णनांपेक्षा वर्गातली भाषणे जास्त असलेले पुस्तक तो किती सोसतो, आणि तुमच्या घरात पडद्यावरच्या रक्तपाताबद्दल काय धोरण आहे, हे तुम्हालाच ठाऊक. अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ प्रमाणपत्र होते, म्हणजे सतरा वर्षांखालील मुलांनी तो मोठ्यांच्या सोबतीनेच पाहायचा. तुटलेले हातपाय त्यात सढळ हाताने दाखवले आहेत आणि स्त्री-पुरुष सैनिकांच्या एकत्र स्नानाचे दृश्यही आहे. त्यामुळे चित्रपट पाहायचा तर तुम्ही शेजारी बसून पाहावा, इतके मी नक्की म्हणेन.

आता पुस्तकाकडे वळू. तिचे अमेरिकन लेखक रॉबर्ट हाइनलाइन यांचा जन्म 1907 चा. ते अॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून 1929 मध्ये बाहेर पडले आणि क्षयरोगामुळे 1934 मध्ये त्यांना नौदल सोडावे लागले. सैन्याची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती, पण प्रत्यक्ष लढाई त्यांच्या वाट्याला आली नाही. पुस्तक वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी असे मला वाटते. 1958 मध्ये अमेरिकेत अणुचाचण्या थांबवाव्यात अशी मोहीम सुरू झाली, तेव्हा हाइनलाइन दांपत्याने तिच्याविरुद्ध स्वतःची जाहिरात दिली आणि हाती असलेली दुसरी कादंबरी बाजूला ठेवून त्यांनी ही लिहायला घेतली. ज्या प्रकाशकाने 1947 पासून त्यांची कुमारांसाठीची पुस्तके काढली होती, त्याने ही नाकारली. मग दुसऱ्या प्रकाशकाकडून ती 1959 मध्ये आली आणि 1960 मध्ये तिला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. कुमार कादंबरीचा साचा तिच्यात अजून स्पष्ट दिसतो: श्रीमंत घरातला एक बेफिकीर मुलगा बापाचा विरोध डावलून भरती होतो आणि मार खात, चुकत, शिकत मोठा होतो. अमेरिकेच्या मरीन कोअरने ती आपल्या वाचनयादीत घेतली, त्यामागे युद्धाच्या वर्णनापेक्षा प्रशिक्षणाच्या वर्णनाचा वाटा मोठा असावा, असे माझे मत आहे.

दोन्हींतला फरक दाखवण्यासाठी मी वर्गात नेहमी एकच प्रसंग घेते. तो दोन्हीकडे आहे, त्यात शिकवणाऱ्या सार्जंटचे नावही दोन्हीकडे झिम असेच आहे, आणि एका शिकाऊ सैनिकाचा प्रश्नही तोच आहे: बटन दाबून शत्रूचे शहर उडवता येत असताना आम्ही सुरी फेकायला का शिकायचे? कादंबरीतला झिम त्या मुलाला उत्तर देतो, आणि चांगले दोन पाने भरून देतो. तान्ह्या मुलाला शिक्षा करायला कोणी कुऱ्हाड उचलत नाही, तसे प्रत्येक शत्रूवर हायड्रोजन बॉम्ब टाकणेही मूर्खपणाचे असू शकते. युद्ध म्हणजे हेतूसाठी वापरलेली आणि आवरलेली हिंसा, आणि किती हिंसा, कशासाठी व कुठवर हे ठरवणे सैनिकाचे नव्हे तर सरकारचे काम, असा त्याचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद कोणाला पटो न पटो, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणे लागते असे मानणारा माणूस तिथे बोलतो आहे. चित्रपटातला झिम त्या मुलाला हात भिंतीवर ठेवायला सांगतो आणि सुरी फेकून तो हात तिथेच खिळवतो. हात निकामी झाला की शत्रूला बटन दाबता येत नाही, एवढेच त्याचे स्पष्टीकरण असते, आणि मग तो वैद्यकीय मदतनिसाला हाक मारतो. पाहणारे हसतात. मी तिथे चित्र थांबवते आणि विचारते की आपण नेमके कशाला हसलो. प्रश्न तोच राहिला आहे, पण जिथे विचार होता तिथे वेदना आली आहे. ज्या राज्यात प्रश्नाला असे उत्तर मिळते आणि ते चटपटीत वाटते, ते राज्य कसे असेल, हे चित्रपट एका वाक्याचेही भाष्य न करता सांगतो.

दुसरा प्रसंग याहून बारीक आहे. शाळेच्या वर्गात एक मुलगी म्हणते की माझ्या आईच्या मते हिंसेने काहीच सुटत नाही. कादंबरीतले शिक्षक दुब्वा तिला म्हणतात की हे कार्थेजच्या नगरपित्यांना कळवायला हवे. रोमने इसवी सनपूर्व 146 मध्ये कार्थेज धुळीला मिळवले, आणि हाइनलाइन यांच्या वाचकाला ते शाळेतल्या धड्यातून ठाऊक होते. त्या मृतांबद्दल आज कोणी अश्रू ढाळत नाही, म्हणून टोमणा खपून जातो. चित्रपटात पटकथाकार एडवर्ड न्यूमायर यांनी फक्त शहराचे नाव बदलले आणि कार्थेजच्या जागी हिरोशिमा घातले. वाक्याची घडण जवळजवळ तीच, तर्क तोच, शिक्षकाच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वासही तोच, पण ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, किंवा पडायला हवा. वर्गातली मुले मात्र शांतपणे पुढच्या मुद्द्याकडे जातात. कादंबरीला दिलेले इतके नेमके आणि इतक्या कमी शब्दांतले प्रत्युत्तर मी दुसऱ्या कोणत्याही रूपांतरात पाहिलेले नाही.

तिसरा फरक तुमच्या भाच्याला लगेच जाणवेल आणि तो चिडेल, कारण कादंबरीच्या बहुतेक चाहत्यांची पहिली तक्रार तीच असते. कादंबरीतला प्रत्येक पायदळ सैनिक यांत्रिक चिलखत घालून लढतो. हे चिलखत चालवावे लागत नाही, ते अंगावर घातले की शरीराच्या हालचाली ओळखून त्या अनेक पटींनी वाढवते, आणि सैनिक इमारतींवरून उड्या घेत मैलभर पसरलेल्या रांगेत लढतो. हाइनलाइन यांनी अभियंता म्हणूनही काम केले होते आणि ते या वर्णनात दिसते. विज्ञानकथांतली पुढची कित्येक चिलखते याच पानांवरून आलेली आहेत. चित्रपटात हे चिलखत नाही. तिथे हलके शिरस्त्राण, साध्या बंदुका आणि दाटीवाटीने पळणारी मुले आहेत.

बहुतेक जण ही उणीव खर्चाची किंवा आळसाची मानतात. मला त्यात दोन्ही कृतींचा गाभा दिसतो. कादंबरीत एका सैनिकावर एवढी यंत्रणा खर्च होते, कारण तिच्या विश्वात एक माणूस मोलाचा आहे. पहिलेच प्रकरण उघडून पाहा: धाड संपलेली आहे, परतीचे यान सुटायच्या बेतात आहे, आणि फ्लोरेस नावाच्या जखमी जवानाला सोडून जायचे नाही म्हणून रिको आणि त्याचा एक सहकारी त्याला उचलून आणतात. यान उशिरा सुटते, वर थांबलेल्या जहाजाच्या कॅप्टनला अवघड कसरत करून त्याला गाठावे लागते, आणि एवढे करून फ्लोरेस वाटेतच मरतो. हा हट्ट म्हणजेच त्या पलटणीचा धर्म आहे. त्याच प्रकरणात रिको माणसासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या एका शत्रूच्या लोकांनी भरलेल्या एका खोलीत त्यांच्याच भाषेत सेकंद मोजणारा बॉम्ब टाकून पुढे निघून जातो आणि त्याबद्दल त्याला विशेष काही वाटत नाही, हेही भाच्याला दाखवा. आपल्या माणसासाठी सारे पणाला लावणारी आणि समोरच्याला मोजतही नसलेली वृत्ती एकाच मनात कशी राहते, हे हाइनलाइन यांनी दाखवले आहे, मग ते त्यांना दाखवायचे असो वा नसो. चित्रपटात उलट माणूस स्वस्त आहे. क्लेंडाथू ग्रहावरच्या पहिल्या चढाईनंतर बातमीपट तासाभरात एक लाख मेल्याचे सांगतो, सेनापती बदलला जातो, आणि नवी भरती सुरू राहते.

दिग्दर्शक पॉल व्हर्होवेन यांची भूमिका त्यांच्या बालपणापासून सुरू होते. त्यांचा जन्म 1938 चा, अॅम्स्टरडॅमचा, आणि युद्धाची वर्षे त्यांनी जर्मनव्याप्त हेग शहरात काढली, जिथून जर्मन सैन्य व्ही-2 क्षेपणास्त्रे सोडत असे आणि ज्या शहरावर दोस्त राष्ट्रांचे बॉम्ब पडत. न्यूमायर यांची पटकथा सुरुवातीला स्वतंत्र होती. कादंबरीशी असलेले साम्य लक्षात आल्यावर तिचे हक्क घेतले गेले, आणि व्हर्होवेन यांनी स्वतःच सांगितले आहे की थोडी प्रकरणे वाचून त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले. एका वाचक म्हणून मला हे खटकते, आणि विद्यार्थ्यांना मी ते लपवून सांगत नाही. पुढची पाने वाचली असती तर झिमच्या त्या उत्तराला अधिक न्याय मिळाला असता, असे मला आजही वाटते. पण त्यांनी काय केले ते पाहा. चित्रपट उघडतो तो भरतीच्या जाहिरातीने, आणि तिच्यातल्या चौकटी लेनी रीफेनश्टाल यांच्या 1935 सालच्या नाझी प्रचारपटावरून जाणीवपूर्वक घेतलेल्या आहेत. अधिकाऱ्यांचे करडे कोट आणि गरुडाचे चिन्ह त्याच काळातले आहे. मुलांच्या हाती काडतुसे वाटणारे सैनिक, झुरळे चिरडणारी शाळकरी पोरे, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी अधिक माहिती हवी का असे विचारणारी पट्टी, या साऱ्यातून आपण एका काल्पनिक राष्ट्राने स्वतःबद्दल काढलेला प्रचारपट पाहत आहोत असे बांधकाम उभे राहते. म्हणूनच नट इतके गुळगुळीत आहेत आणि संवाद इतके पोकळ आहेत. 7 नोव्हेंबर 1997 ला तो अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा अनेक समीक्षकांनी तो सरळ अर्थाने घेतला आणि चित्रपटच फॅसिस्ट असल्याचे लिहिले. तुम्ही कॉलेजात असताना फसला असाल, तर तुमच्या जोडीला बरीच जाणती माणसे होती.

आता तुमच्या पहिल्या मित्राचा आक्षेप. कादंबरीतल्या राज्यात किमान दोन वर्षे सरकारी सेवा केलेल्यालाच मत देता येते. भरतीला आलेल्या कोणालाही वंश किंवा लिंग पाहून परत पाठवता येत नाही, सेवेत असेपर्यंत सैनिकालाही मत नसते, आणि मत नसलेले लोक व्यापार करतात, मनाला येईल ते बोलतात, सुखाने राहतात. रिकोचा बाप तर या साऱ्याची मनापासून हेटाळणी करतो. तिथे एकच एक नेता नाही आणि एकच पक्षही नाही. त्यामुळे नेमक्या अर्थाने मी तिला फॅसिस्ट म्हणणार नाही. पण सैनिकी सद्गुण हेच नागरिकत्वाचे माप, असे ती ठामपणे म्हणते, आणि आपली बाजू जिंकावी म्हणून तिने फासे आधीच जड करून ठेवले आहेत. वर्गातले विद्यार्थी शंका विचारतात ती खोडली जाण्यासाठीच. मुख्य शत्रू निवडला आहे तो किड्यांचा: त्यांच्याशी बोलता येत नाही, तह करता येत नाही, आणि उत्क्रांतीनेच घडलेला साम्यवाद म्हणून त्यांची थेट तुलनाही होते. समोर माणूस असता तर दुब्वा सरांचे सिद्धांत इतके सुरळीत चालले असते का, हा प्रश्न भाच्याला जरूर विचारा. आमच्या वर्गात तर कोणी ना कोणी दरवर्षी म्हणतेच की 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत आपल्याकडच्या कोट्यवधी निरक्षर माणसांनी कोणतीही अट न पुरवता मत दिले, आणि तिथून मग खरी चर्चा पेटते.

दुसऱ्या मित्राच्या आक्षेपाबद्दल एक आठवण सांगते. एका वर्षी आमच्या वर्गात पायदळातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. क्लेंडाथूची चढाई पाहून ते संतापले. तोफखान्याचा मारा नाही, चिलखती गाड्या नाहीत, दोन जवानांमध्ये अंतर नाही, रात्रीच्या अंधारात पोरांना नुसते मैदानात सोडून दिले आहे, असे त्यांनी एकेक दोष मोजून दाखवले आणि दिग्दर्शकाला सैन्यातले काही कळत नाही असा निकाल दिला. मी त्यांना एवढेच विचारले की या मुलांना असे कोणी पाठवले. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी उभे राहून सांगितले की त्यांचा राग दिग्दर्शकावर नव्हता, तो त्या मुलांना पाठवणाऱ्यांवर होता. चित्रपट सैनिकांची टवाळी करत नाही असे मी म्हणते ते या अनुभवावरून. तो सैनिकांना कच्चा माल समजणाऱ्या यंत्रणेबद्दल आहे, आणि ते सर्वांत आधी ओळखले ते बंदूक हाताळलेल्या माणसाने.

थोडक्यात माझा सल्ला असा की आधी कादंबरी द्या. पहिले प्रकरण आणि नंतरची प्रशिक्षण छावणीची प्रकरणे त्याने सलग वाचावीत. त्यांतच एका मुलाला फटक्यांची शिक्षा होऊन सैन्यातून काढले जाते, आणि त्यानंतर कॅप्टनपुढे झिम स्वतःलाच दोष देतो ते बोलणे रिकोच्या चुकून कानावर पडते. अधिकार गाजवणाऱ्या माणसाला त्या अधिकाराचे ओझे कसे जाणवते हे वर्दीची स्वप्ने पाहणाऱ्या मुलाने वाचण्यासारखे आहे. वर्गातली भाषणे कंटाळवाणी वाटली तर ती दुसऱ्या वाचनासाठी ठेवायला हरकत नाही. त्यानंतर दोघांनी मिळून चित्रपट पाहा आणि सुरीच्या प्रसंगाशी थांबा. गोडी लागलीच तर जो हाल्डमन यांची 1974 ची ‘द फॉरएव्हर वॉर’ पुढे ठेवता येईल. व्हिएतनाममध्ये स्वतः जखमी झालेल्या माणसाने अशाच चिलखतातल्या सैनिकांची गोष्ट लिहिली तर ती कशी होते, ते त्यात दिसते.

एक गोष्ट मात्र भाच्याला आधी सांगू नका. जवळजवळ सगळे पुस्तक संपत आले असताना, अधिकारी होण्याच्या प्रशिक्षणात मित्राशी जहाजांच्या नावांवरून गप्पा मारताना, रिको सहज म्हणतो की एका जहाजाला रॅमॉन मॅगसेसे यांचे नाव द्यायला हवे, आणि ओघात कळते की त्याच्या घरी टागालोग भाषा बोलली जाते. म्हणजे इतका वेळ आपण ज्याच्या डोळ्यांनी पाहत होतो तो फिलिपिनो आहे. मॅगसेसे हे फिलिपाइन्सचे राष्ट्राध्यक्ष, 1957 मध्ये विमान अपघातात गेलेले. आपल्याला ते नाव पुरस्कारामुळे परिचित आहे, आणि त्या पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, 1958 मध्ये, तो विनोबांना मिळाला होता. 1959 च्या अमेरिकन वाचकाने रिकोला मनात कोणता चेहरा दिला असेल आणि त्या पानावर त्याला तो कसा बदलावा लागला असेल, याची कल्पना करा. चित्रपटाला हे करता येणे शक्यच नव्हते, कारण पडद्यावर चेहरा पहिल्या दृश्यापासून दिसतो, आणि तो चेहरा त्यांनी भरतीच्या भित्तिपत्रकावर शोभेल असा निवडला. तुमच्या भाच्याने तो चेहरा अजून पाहिलेला नाही, म्हणूनही पुस्तक आधी द्या.